चार दिवस रत्नागिरीस

प्रवरेच्या काठी राहणाऱ्या बेलापूरकरांचे पाण्याशी नाते जुने आहे. परंतु या आपल्या नदीची चाल मोठी विलक्षण. अकोले तालुक्यात रतनगडाच्या डोंगरात ती उगम पावते. तेथून पश्चिम समुद्र सरळ रेषेने सुमारे १०० किलोमीटरांवर आहे. तरी त्याच्याकडे पाठ फिरवून ती पूर्वेस वळते, भंडारदऱ्याच्या धरणातून उतरते, संगमनेर, बेलापूर, नेवासे अशी गावे घेत प्रवरासंगमास गोदावरीला मिळते, आणि तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरास जाते. नदीप्रमाणे आपल्या यात्रांचीही तोंडे बहुधा पूर्वेस व दक्षिणेस. पैठण झाले, पंढरपूर झाले, तुळजापूर झाले. ऐपतीप्रमाणे काशी-रामेश्वरही झाले. सह्याद्रीपलीकडचे कोकण मात्र बाजूस राहिले. घरोघर अशी वडीलधारी मंडळी आढळतात, की ज्यांच्या देव्हाऱ्यात गंगेचे पाणी आहे, पण ज्यांनी समुद्र डोळ्यांनी पाहिलेला नाही.

अशा घरांनी चार दिवसांसाठी कोठे जावे, असा प्रश्न आला तर आमचे उत्तर रत्नागिरी हे आहे. डोंगर उतरून एकदम समुद्राशी यावे, शहर लहान असावे, मुलांना शिकण्याजोगे व वृद्धांना नमस्कार करण्याजोगे काही असावे, आणि शाकाहारी जेवणाची चिंता नसावी, या सर्व अपेक्षा तेथे एकत्र पुऱ्या होतात. परंतु स्थळ चांगले निवडले म्हणजे सहल चांगली झालीच, असे नाही. एकत्र कुटुंबाची छोटी सहल बिघडते ती बहुधा घरीच, बेत ठरविताना बिघडते. म्हणून प्रस्तुत लेखात स्थळवर्णनाइतकाच भर बेतावर दिला आहे.

चार दिवसांचे दोन दिवस

पहिली गोष्ट हिशेबाची. बेलापूर ते रत्नागिरी हे अंतर नगर, पुणे, कोल्हापूर या मार्गाने ५०० किलोमीटरांहून अधिक भरते. चार दिवसांपैकी पहिला व शेवटचा दिवस वाटेस द्यावाच लागतो. हाती उरतात ते दोन दिवस. हे कागदावर मांडल्याशिवाय कोणी स्थळांची नावे घेऊ नयेत. गणपतीपुळे, मालगुंड, जयगड, पावस, रत्नदुर्ग, थिबा राजवाडा, टिळकांचे जन्मस्थान, भाट्याचा किनारा, आणि ‘जाताजाता’ संगमेश्वर व मार्लेश्वर, अशी यादी घेऊन निघालेले कुटुंब दोन दिवस मोटारीत बसते, आणि घरी आल्यावर काय पाहिले ते कोणासच धड सांगता येत नाही. दोन दिवसांत तीन गोष्टी मनासारख्या होतात. चौथी धरली की पहिल्या तीन सुटू लागतात.

वाट

बेलापूर स्टेशन, म्हणजे श्रीरामपुरातले आपले स्टेशन, दौंड-मनमाड मार्गावर आहे, आणि हा मार्ग १८७८ पासून चालू आहे. गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्स्प्रेस याच मार्गाने जाते. ती आपल्याकडे रात्री येते आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास कोल्हापुरास पोहोचते. मध्ये गाडी बदलावी लागत नाही, सामान चढवा-उतरवावे लागत नाही, आणि झोपेतच अर्धी वाट सरते. वृद्ध व लहान मुले बरोबर असता यापरती सोय नाही. तिकिटे सध्या ६० दिवस आधी काढता येतात. खालची शायिका कोणाकोणास हवी ते आधीच लिहून ठेवावे. एक सूचना विशेष महत्त्वाची. गाडी रात्री बारानंतर येत असेल, तर तिकिटावरची तारीख दुसऱ्या दिवसाची असते. आपण मात्र बोलताना ‘गुरुवारी रात्रीची गाडी’ असेच म्हणतो, आणि या एका शब्दापायी सबंध कुटुंब एक दिवस आधी किंवा, त्याहून वाईट, एक दिवस उशिरा फलाटावर उभे राहू शकते. निघण्यापूर्वी वेळापत्रक पुन्हा एकदा ताडून पाहावे.

कोल्हापुराहून रत्नागिरी सुमारे १३० किलोमीटर आहे. एस. टी.च्या गाड्या आहेत; मंडळी अधिक असल्यास भाड्याची मोटार बरी पडते. अंबाबाईचे दर्शन याच वेळी उरकून घ्यावे, असा मोह होईल. परंतु तो परतीच्या दिवसासाठी राखून ठेवावा. कारण आंबा घाट उजेडी उतरण्यात या प्रवासाचे अर्धे सुख आहे. मलकापूर सोडले की हवा पालटते, आंबा गावापाशी झाडी दाट होते, आणि मग रस्ता वळणे घेत साखरप्याकडे उतरू लागतो. ऊस व काळी जमीन पाहण्यास सवकलेल्या आपल्या डोळ्यांना तांबडी माती, जांभ्या दगडाची कुंपणे आणि उतरत्या कौलांची घरे दिसू लागतात. बेलापूर पट्ट्यात वर्षाचा पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर. घाटाखाली रत्नागिरीस तो ३,००० मिलिमीटरांच्या वर जातो. पश्चिमेचे ढग सह्याद्रीच्या भिंतीवर आपटून बहुतेक भार अलीकडेच उतरवतात, आणि आपल्या वाट्यास येतो तो उरला-सुरला शिडकावा. भूगोलाच्या पुस्तकातले ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ हे शब्द मुले पाठ करतात. घाटाच्या एका तासात ते त्यांना दिसतील. ज्यांना वळणांवर मळमळते त्यांनी पोटभर जेवून बसू नये, पुढच्या बाजूस बसावे, आणि तोंडात आवळासुपारी किंवा आलेपाक ठेवावा.

स्वतःच्या मोटारीने एका दिवसात हे सारे अंतर तोडण्याची हौस पुष्कळांना असते. चालविणारा एकच असेल आणि गाडीत सत्तरीचे कोणी असेल, तर ती हौस बाजूस ठेवणे बरे. रात्री घाट उतरणे तर टाळावेच. ज्यांची मुले मुंबई-पुण्यास नोकरीस आहेत, त्यांनी पनवेलहून कोकण रेल्वेने यावे. १९९८ साली सबंध खुल्या झालेल्या या मार्गावर रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो. रत्नागिरी स्टेशन शहरापासून काही किलोमीटर दूर आहे, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

ऋतू म्हणाल तर मार्गशीर्ष-पौष उत्तम. वैशाखात हापूस असतो खरा, पण उकाडाही तसाच असतो. गणेशोत्सवात व शिमग्यास चाकरमान्यांची गर्दी असते. त्या दिवसांत गाड्यांवर पहिला हक्क त्यांचा समजावा. पावसाळ्यात कोकण देखणे दिसते, पण समुद्र खवळलेला असतो आणि घाटात दरडी येतात.

पहिला दिवस : शहर

रत्नागिरी शहराची एक कथा निघण्यापूर्वीच मुलांना सांगून ठेवावी. म्हणजे तेथील दोन वास्तू त्यांच्याशी बोलू लागतील. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला मंडालेच्या गादीवरून उतरविले, आणि पुढच्या वर्षी राणी व मुलींसह रत्नागिरीस आणून ठेवले. शहराजवळच्या टेकाडावर त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला. परंतु नवा वाडा म्हणजे मोठा पिंजराच होता. १९१६ च्या डिसेंबरात राजा तेथेच वारला. तीस वर्षांत त्याला आपला देश पुन्हा दिसला नाही.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच रत्नागिरीत २३ जुलै १८५६ रोजी बाळ गंगाधर टिळक जन्मले, आणि १९०८ साली राजद्रोहाची शिक्षा होऊन ते गेले ते नेमके मंडालेच्या तुरुंगात. तेथे सहा वर्षे काढून, गीतारहस्याचे हस्तलिखित सिद्ध करून १९१४ मध्ये ते परतले. मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदी, आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत बंदी, असा हा व्यवहार एकाच सत्तेने एकाच काळात केला. टिळक आळीतील ते साधे कौलारू घर आणि टेकाडावरचा तो राजवाडा ही दोन स्थळे एकाच सकाळी, एकामागून एक पाहावीत. सुटी सुटी पाहिली तर दोन जुन्या इमारती पाहिल्या, एवढेच होईल. राजवाड्यात संग्रहालय आहे. २०१२ साली ब्रह्मदेशचे, म्हणजे आजच्या म्यानमारचे, अध्यक्ष थेन सेन येथे येऊन राजाच्या समाधीस वंदन करून गेले. शंभर वर्षांनीही त्या देशाने आपला राजा विसरला नाही, हे मुलांना सांगावे.

याच वाटेवर पतितपावन मंदिर आहे. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने ते १९३१ मध्ये उभे राहिले. ज्यांना इतर मंदिरांच्या पायरीवरच थांबावे लागे त्यांना येथे गाभाऱ्यापर्यंत प्रवेश होता, आणि सहभोजने होत होती. आपल्या घरांतील पूर्वजांपैकी कितीजण त्या पंक्तीस बसले असते, हा प्रश्न तेथे उभे असता मनात यावा. उत्तर देण्याची घाई नको.

दुपारी विश्रांती. तीननंतर मंडळींनी खुशाल दोन वाटांनी जावे. एकत्र कुटुंब म्हणजे एका दोरीने बांधलेले कुटुंब नव्हे. मुलांना घेऊन तरुणांनी कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय पाहावे. समुद्रातले जिवंत जग काचेतून पाहताना मुलांना वेळेचे भान राहत नाही. उरल्या वेळात रत्नदुर्ग. तीन बाजूंनी समुद्राने वेढलेल्या या किल्ल्यात भगवतीचे मंदिर आहे, आणि तटावरून सूर्यास्त दिसतो.

वडील मंडळींनी मात्र भाट्याच्या पुलावरून दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरांवर पावसला जावे. तेथे स्वामी स्वरूपानंदांची समाधी आहे. १९०३ ते १९७४ हा त्यांचा काळ, आणि ज्ञानेश्वरी अभंगरूपाने सुलभ करून देणे हे त्यांचे कार्य. बेलापूरकरांना पावस परके वाटण्याचे कारण नाही. ज्या प्रवरेवर आपण स्नान करतो, तिच्याच काठी खाली नेवाशास शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तो ग्रंथ सातशे वर्षांनी सह्याद्री ओलांडून या समुद्रकाठच्या गावी आला आणि अभंग होऊन घरोघर गेला. नित्य पारायण करणाऱ्या आजीला पावसच्या ओसरीवर तासभर निवांत बसू द्यावे. तिला ‘चला, उशीर होतो’ असे म्हणणारे कोणी बरोबर नसावे, हाच वाटा वेगळ्या करण्याचा हेतू.

दुसरा दिवस : गणपतीपुळे व समुद्र

दुसरी सकाळ गणपतीपुळ्याची. आरे-वाऱ्याच्या किनारी रस्त्याने ते सुमारे २५ किलोमीटर पडते. रस्ता डोंगराच्या कडेने चढतो तेथे खाली निळा समुद्र एकाएकी उघडा पडतो. मोटार सुरक्षित जागी थांबवून पाच मिनिटे उतरावे. येथील गणपती पश्चिमाभिमुख व स्वयंभू, आणि सबंध टेकडीच देवस्वरूप मानली असल्यामुळे प्रदक्षिणा टेकडीस घालतात. ती सुमारे एक किलोमीटर आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी देवळातूनच नमस्कार करावा; देव रागावत नाही. येथून दोन-तीन किलोमीटरांवर मालगुंड आहे. आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक केशवसुत यांचा जन्म १८६६ साली येथे झाला. त्यांचे स्मारक पाहण्यास तास पुरे.

आता समुद्राविषयी, आणि हे नीट वाचावे. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर बाहेरगावचे लोक बुडून मरण पावल्याच्या घटना पुनःपुन्हा घडल्या आहेत. त्यांत धाडसी तरुण पुष्कळ असतात. आपली मुले विहिरीत, नदीत, पाटात पोहायला शिकतात, आणि आपल्याला पोहता येते असे मानतात. ते खरेही असते, पण त्या पाण्यापुरते. विहिरीचे पाणी स्थिर असते, पाटाचे एका दिशेने वाहते. समुद्राची लाट किनाऱ्यावर फुटते आणि परत जाताना तळाची वाळू पायांखालून ओढून नेते. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूसही त्या ओढीने कोलमडतो. काही ठिकाणी परतणारे पाणी अरुंद पट्ट्यातून वेगाने आत जाते. त्यात सापडलेल्याने किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा हट्ट धरला तर तो थकतो आणि बुडतो. म्हणून नियम साधा ठेवावा. पावले भिजतील एवढ्याच पाण्यात जावे, मुलांचा हात सोडू नये, आणि स्थानिक जीवरक्षक किंवा कोळीबांधव जे सांगतील ते ऐकावे. घरातील कर्त्या पुरुषाने हा नियम बेलापुरास असतानाच सांगून टाकावा. किनाऱ्यावर सांगितलेला नियम लाटांच्या आवाजात ऐकू येत नाही.

भरती-ओहोटीची वेळ काढण्याचे साधन आपल्या घरी भिंतीवरच टांगलेले असते, ते म्हणजे पंचांग. कोकणात जुना हिशेब असा, की तिथीच्या अंकास तीनने गुणून चाराने भागावे; जे उत्तर येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून मोजावे. चतुर्थीस चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता. दुपारी तीनला आणि रात्री तीनलाही. अष्टमीस सहा. पौर्णिमा व अमावास्या पंधरा धरल्यास सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, आणि रोज ही वेळ पाऊणएक तासाने पुढे सरते, कारण चंद्र तितका उशिरा उगवतो. हिशेब अदमासाचा आहे, पण बेत आखण्यास पुरेसा. संकष्टीस पुळ्यास गर्दी उसळते. त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी असल्यामुळे तेव्हा वाळूवर फिरणे बरे, दुपारी पाणी चढते. पौर्णिमा-अमावास्येस उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भरती लहान, तिला भांग म्हणतात. मात्र हा हिशेब फिरण्याची वेळ ठरविण्यासाठी आहे, पाण्यात उतरण्याचा परवाना म्हणून नव्हे.

दुपारी रत्नागिरीस परतावे, आणि त्यानंतर काही ठरवू नये. सबंध बेतातला हा रिकामा प्रहर कोणी सुचविले म्हणून भरून टाकू नये. संध्याकाळी भाट्याच्या वाळूवर सर्वांनी नुसते बसावे. ज्यांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला, त्यांना तो पाहू द्यावा.

कोणी जावे, कोणी राहावे

आता मुख्य गोष्ट. एकत्र कुटुंब सहलीस निघते तेव्हा कोणीतरी मागे राहते. देवपूजा असते, गोठा असतो, अंथरुणास खिळलेले एखादे माणूस असते. ते कोणी राहावे याची चर्चा क्वचितच होते. कारण ते सर्वांना ठाऊकच असते. बहुधा तीच एक सून, तीच एक विधवा काकू किंवा आत्या. ‘तिला प्रवास सोसत नाही,’ असे सांगण्यात येते. तिला कोणी विचारलेले असतेच असे नाही.

हे बदलणे अवघड नाही. मागे राहण्याची पाळी लावावी आणि ती वहीत लिहावी. या वर्षी जे राहतील, त्यांची तिकिटे पुढच्या सहलीत सर्वांआधी काढावी. पूजेची दोन दिवसांची जबाबदारी घरातल्या एखाद्या पुरुषाने घ्यावी; शेजारी-पाजारीही अशा वेळी आनंदाने साहाय्य करतात. दुसरे असे, की ज्या स्त्रिया बरोबर येतील त्यांना सहलीचा अर्थ सहल असाच लागला पाहिजे. स्टोव्ह, पोळपाट, डब्यांची उतरंड बरोबर नेऊन परक्या गावी स्वयंपाकघर मांडणे म्हणजे त्यांचे घरकाम अधिक गैरसोयीच्या जागी हलविणे होय. वाटेसाठी दशम्या, चटणी, लाडू एवढे पुरे. तेही सर्वांनी मिळून करावे. रत्नागिरीत घरगुती भोजनाच्या सोयी आहेत. उकडीचे मोदक, घावन, कुळथाचे पिठले, सोलकढी हे पदार्थ त्यांना एकदा दुसऱ्याच्या हातचे, ताटावर बसून खाऊ द्यावेत.

खर्चाचे प्रवास, मुक्काम, भोजन, देवकार्य व राखीव असे पाच वाटे करावेत. राखीव वाट्यास आंबापोळी-फणसपोळीच्या खरेदीसाठी हात लावू नये. तो आजारपणासाठी आहे. औषधे हाती राहणाऱ्या पिशवीत असावीत, आणि मुक्कामाची जागा निवडताना दृश्य कसे आहे याआधी पायऱ्या किती आहेत ते विचारावे.

परत

चौथ्या दिवशी पहाटे निघाल्यास सकाळीच कोल्हापूर गाठता येते. अंबाबाईचे दर्शन व भोजन उरकून दुपारची महाराष्ट्र एक्स्प्रेस धरावी. ती रात्री उशिरा बेलापुरास आणून सोडते. स्टेशनवरून घरी जाण्याची गाडी आधी सांगून ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशी मुलांची शाळा व मोठ्यांची कामे सकाळीच नसतील असाच वार निवडावा. मागे राहिलेल्या माणसासाठी काय आणले, हे पिशवीत वरच ठेवावे. आणि घरी पोहोचल्यावर वही काढून, पुढच्या खेपेस सर्वांत आधी कोणाचे नाव, ते त्या माणसासमोर लिहावे.